टॅटू: आधी तारीख, मग जागा, शेवटी डिझाइन

टॅटू काढायला निघालेली माणसं बहुतेक वेळा उलट्या क्रमाने निर्णय घेतात. मोबाइलवर एखादं डिझाइन आवडतं, मग ते हातावर की पाठीवर याचा विचार होतो, मग जवळचा स्टुडिओ आणि तिथली ऑफर. भरतीचा अर्ज, बहिणीचं लग्न, वाढलेली साखर हे सगळं आठवतं ते खुर्चीत बसल्यावर, नाहीतर शाई आत गेल्यावर. ठाण्यात राम मारुती रोडपासून घोडबंदरपर्यंत आणि नवी मुंबईत वाशीपासून खारघरपर्यंत स्टुडिओ शोधणं आता अवघड राहिलेलं नाही, त्यामुळे हा उलटा क्रम आणखी सोपा झाला आहे.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. आधीच्या पायरीवर अडलात तर पुढच्या पायरीवर जाऊ नका. डिझाइन मुद्दाम पाचव्या पायरीवर ठेवलं आहे.

## पायरी १: तब्येत तपासा

सुई त्वचेच्या वरच्या थराखाली, साधारण १ ते २ मिलिमीटर खोल जाते आणि हजारो टोचे मारते. म्हणजे टॅटू ही एक मोठी, उथळ जखम आहे. जखम भरायला ज्यांना अडचण येते, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलायला हवं.

पूर्ण थांबा: गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना, अंगात ताप असताना, डेंग्यू होऊन गेल्यावर प्लेटलेट्स पूर्ववत होऊन ताकद भरून येईपर्यंत, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असताना आणि त्या बंद केल्यावर ६ महिने.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको: मधुमेह, हृदयाच्या झडपांचा आजार, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. यातली शेवटची गोष्ट नीट वाचा. टॅटूत रक्त जास्त येऊ नये म्हणून माणसं अशा गोळ्या स्वतःच्या मनाने दोन-चार दिवस बंद करतात. हे जिवावर बेतू शकतं. गोळ्या बंद करता येत नसतील तर टॅटू काढायचा नाही, एवढा साधा हिशेब आहे. मधुमेह असेल तर साखर नियंत्रणात असतानाही पाऊल, घोटा आणि नडगी टाळा. तिथल्या जखमा सगळ्यांत उशिरा भरतात.

त्वचेचे प्रश्न: कान टोचल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर तुमचा व्रण फुगून वर आला होता का? मग तुमच्यात केलॉइडची, म्हणजे व्रण फुगून वाढण्याची, प्रवृत्ती असू शकते, आणि छातीचा मध्यभाग, खांदा व पाठीचा वरचा भाग या जागा तुमच्यासाठी नाहीत. कोड किंवा सोरायसिस असेल तर जिथे त्वचेला इजा होते तिथेच नवा डाग उठू शकतो. कोडाचा डाग झाकण्यासाठी टॅटू काढायचा विचार असेल तर तो आधी त्वचारोगतज्ज्ञांसमोर मांडा. तीळ कधीही शाईने झाकू नका. त्याचा रंग आणि कडा बदलताहेत का हे पुढे डॉक्टरांना दिसलं पाहिजे.

आपल्याकडच्या दमट हवेत नायटा, गजकर्ण हे फार जणांना असतं, आणि त्यावर मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडमिश्रित क्रीम महिनोन् महिने लावलं जातं. अशा जागी टॅटू काढला तर बुरशी पसरते आणि पातळ झालेल्या त्वचेत शाई फुटते. आधी नायटा पूर्ण बरा करा, क्रीम डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करा, त्वचा पूर्ववत होऊ द्या.

लसी: धनुर्वाताची लस गेल्या १० वर्षांत झालेली असावी. हिपॅटायटिस बीची लस लहानपणी झाली नसेल तर तिचे तीन डोस ०, १ आणि ६ महिने असे असतात. ज्यांना खरंच घाई नाही त्यांनी ते आधी पूर्ण करावेत.

तपासा: तुम्ही नियमित रक्तदान करता का? टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. घरात कुणाला वारंवार रक्त लागत असेल आणि तुमचा गट जुळत असेल, तर हे एक वर्ष घरच्यांना परवडणारं आहे का, हे आधी त्यांना विचारा.

वय १८ पूर्ण नसेल तर प्रश्नच मिटला. आई-वडिलांची परवानगी असली तरी वाढत्या अंगावरची आकृती ताणली जाते, आणि सोळाव्या वर्षीची आवड विसाव्या वर्षी टिकत नाही. ओळखपत्र न मागणाऱ्या स्टुडिओवर इतर बाबतींतही विश्वास ठेवू नका.

## पायरी २: नोकरीचा नियम वाचा

सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते. मुरबाड, शहापूर, भिवंडीकडची कितीतरी मुलं भरतीची तयारी करत असतात, आणि त्याच वयात टॅटूची हौस असते.

भूदल, नौदल आणि हवाईदलात कायमस्वरूपी टॅटू फक्त दोन जागी चालतो: कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू, आणि तळहाताची मागची बाजू. दंड, छाती, मान, पाय इथे टॅटू असेल तर उमेदवार बाद होतो. परंपरेने गोंदून घेणाऱ्या आदिवासी समाजांसाठी वेगळी सवलत आहे. ती शहरातल्या हौशी टॅटूला लागू होत नाही.

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचा नियम आणखी कडक आहे. तिथे हाताच्या आतल्या बाजूचा टॅटू फक्त डाव्या हातावर चालतो, कारण सलामी उजव्या हाताने द्यायची असते. आकारही त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा कमी हवा. म्हणजे उजव्या हाताच्या आतल्या बाजूचा टॅटू सैन्यात चालेल, पण केंद्रीय दलात तोच तुम्हाला बाहेर काढेल. दोन्हीकडे अर्ज करणाऱ्या मुलांना हा फरक वैद्यकीय तपासणीच्या रांगेत कळतो.

पोलीस आणि इतर सरकारी भरतीसाठी त्या वर्षीची जाहिरात आणि तिची वैद्यकीय परिशिष्टं वाचा. मित्राला काय चाललं होतं हे प्रमाण मानू नका. आणि आमचा स्पष्ट सल्ला असा की वर्दीची नोकरी हवी असेल, तर निवड होऊन प्रशिक्षण संपेपर्यंत अंगावर एकही टॅटू नको.

इशारा: "तपासणीआधी लेझरने काढून टाकू" हा बेत करू नका. लेझरच्या दोन बैठकांमध्ये ६ ते ८ आठवडे जावे लागतात आणि बैठका अनेक लागतात. भरतीला सहा महिने उरले असतील तर टॅटू पूर्ण जाईल अशी आशा धरू नका.

केबिन क्रूच्या मुलाखतीत गणवेशात दिसणारा टॅटू बहुधा अडतो. परिचारिका आणि शस्त्रक्रियागृहात काम करणाऱ्यांनी मनगट-पंजा टाळावा. ताज्या टॅटूवर वारंवार हात घासून धुता येत नाहीत. टीटीसी एमआयडीसीत (ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहतीत) रसायनं, सॉल्व्हंट किंवा भट्टीजवळ काम असेल तर हाताचा टॅटू मोठी सुट्टी जोडून असल्याशिवाय काढू नका. हातमोज्यात साचणारा घाम आणि रसायनाचा एखादा शिंतोडा ताजा टॅटू नासवायला पुरेसा असतो.

## पायरी ३: कॅलेंडर घेऊन बसा

टॅटूची वरची त्वचा भरायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, आतली त्वचा सावरायला २ ते ३ महिने. यातले पहिले चार आठवडे मोकळे हवेत: पोहणं नाही, रगडणं नाही, कडक ऊन नाही, हळद-रंग-उटणं नाही.

आता आपलं वर्ष बघा. जून ते सप्टेंबर बाही ओलीच असते, कपडे नीट वाळत नाहीत, लोकलमध्ये छत्र्यांचं पाणी अंगावर गळतं. पावसाळ्यात पाऊल आणि घोट्यावर टॅटू काढूच नका. सखल भागात साचलेल्या पाण्यातून घरी यावं लागलं, तर त्या पाण्यातले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेतून आत शिरू शकतात. दहीहंडीच्या सरावात खांदा आणि दंड एकमेकांवर घासले जातात. गणपतीत गुलाल आणि विसर्जनाचं पाणी, नवरात्रात घाम आणि आरशांचे घागरे, दिवाळीत उटणं, होळीला रंग. एप्रिल-मेमध्ये ऊन आणि घाम. त्यातल्या त्यात नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारी हा काळ बरा.

घरातलं लग्न असेल तर तारखेच्या किमान सहा आठवडे आधी काढा, नाहीतर लग्नानंतर. ताज्या टॅटूवर हळद लागली तर आग होते, संसर्गाची भीती असते, आणि आग्रहाने हळद लावणाऱ्या दहा नातेवाइकांना त्या गडबडीत कुणी थांबवू शकत नाही.

दिवस निवडताना शुक्रवार संध्याकाळ किंवा शनिवार सकाळ घ्या. दुसऱ्याच दिवशी ठाणे-वाशी लोकलच्या दारात उभं राहायचं असेल तर दंडाचा टॅटू गर्दीत घासला जाणारच.

मनाचंही कॅलेंडर असतं, आणि तिथे लोक जास्त फसतात. ब्रेकअपच्या महिन्यात, नवं प्रेम जमल्याच्या महिन्यात, पार्टीच्या रात्री, मित्रांच्या टोळक्याने "सगळे मिळून काढू" म्हटलं त्या संध्याकाळी टॅटू काढू नका. जवळचं माणूस गेलं असेल तर वर्षश्राद्ध होऊ द्या. दुःखाच्या पहिल्या आठवड्यात जे चित्र किंवा वाक्य सुचतं ते बहुधा मृत्यूशी जोडलेलं असतं. वर्षभराने त्या माणसाच्या जगण्याशी जोडलेलं काहीतरी सापडतं: वहीतली सही, पत्राच्या शेवटी लिहिलेलं "काळजी घे". तोवर ते पत्र जपा, आणि मोबाइलने फोटो काढण्याऐवजी ६०० डीपीआयवर स्कॅन करून ठेवा. अस्सल हस्ताक्षर उतरवायला तोच स्कॅन उपयोगी पडतो.

## पायरी ४: अंगावरची जागा ठरवा

बोटं, तळहात, पावलाच्या कडा आणि ओठांची आतली बाजू इथे शाई टिकत नाही. त्वचा सतत घासली जाते आणि झडते, रेषा तुटक दिसू लागतात. बोटावरची नाजूक अंगठी फोटोत छान दिसते कारण फोटो पहिल्या तासातला असतो.

मान, चेहरा आणि पंजा या जागा नोकरी पक्की नसलेल्या माणसासाठी नाहीत. घड्याळाचा पट्टा, बॅगेचा बंद, ब्राची पट्टी, कमरपट्टा जिथे येतो तिथेही बरं व्हायला जास्त वेळ लागतो. पोटावरची आकृती गरोदरपणात ताणली जाते. कंबरेच्या मणक्यावर मोठा भरीव टॅटू काढण्याआधी विचार करा: पुढे कधी मणक्यातून भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टर शाईच्या भागातून सुई घालणं शक्यतो टाळतात.

देवदेवता, संत, शिवाजी महाराज, बाबासाहेब आंबेडकर, बुद्ध यांची चित्रं किंवा नावं कमरेखाली नकोत. तुमचा हेतू कितीही शुद्ध असला तरी पोटरीवरची मूर्ती पाहणाऱ्याला दुखावते, आणि पूजेला बसताना तुम्हालाही अवघडल्यासारखं होतं. परदेशप्रवास करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचा टॅटू असलेल्या एका ब्रिटिश पर्यटक महिलेला श्रीलंकेने परत पाठवलं होतं. जपानमध्ये गरम झऱ्यांच्या अनेक स्नानगृहांत टॅटू असलेल्यांना प्रवेश मिळत नाही. युरोपात, विशेषतः जर्मनीत, उघड्या हातावरचं स्वस्तिक बघणारा माणूस आपल्या देव्हाऱ्यातलं स्वस्तिक ओळखत नाही. त्याला नाझी चिन्ह दिसतं, आणि ते जर्मनीत कायद्याने निषिद्ध आहे. शिक्षण-नोकरीसाठी तिकडे जायचं असेल तर ते दिसणाऱ्या जागी नको.

तपासा: कामाला जाताना घालता ते कपडे घाला आणि ठरवलेल्या जागेवर पेनाने चौकट काढा. हात वर करा, वाका, बसा. चौकट कधी दिसते आणि कधी झाकली जाते ते दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा.

## पायरी ५: डिझाइन गाळून घ्या

काय नको, ते आधी.

प्रियकर-प्रेयसीचं नाव नको. लग्नाआधी तर नकोच. राजकीय नेत्याचा चेहरा आणि पक्षाचं चिन्ह नको, कारण नेते पक्ष बदलतात आणि चिन्हंही बदलतात. दुसऱ्या जातीला किंवा धर्माला खिजवणारं वाक्य नको. ते वाक्य अंगावर घेऊन तुम्हाला भाड्याने घर शोधायचं आहे, मुलांच्या शाळेत पालकसभेला जायचं आहे. तुम्हाला वाचता न येणाऱ्या लिपीतला मजकूर नको. क्यूआर कोड नको. रेषा पसरल्या की तो स्कॅन होत नाही.

बाळाचा चेहरा काढायचा असेल तर निदान तळहाताएवढा काढा. चार-पाच सेंटिमीटरच्या चेहऱ्यात डोळ्याची बाहुली आणि पापणी यांत अंतरच उरत नाही. काही वर्षांत ते एकमेकांत मिसळतात आणि चेहरा ओळखू येत नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर पांढरी शाई पिवळट पडते किंवा जुन्या व्रणासारखी दिसते. फिकट पिवळा आणि गुलाबीसुद्धा लवकर हरवतात. काळी शाई आणि त्वचेचा मोकळा सोडलेला भाग यांच्या जोडीवर उभं राहणारं डिझाइन सगळ्यांत चांगलं टिकतं. ॲलर्जी सर्वांत जास्त लाल शाईने येते, म्हणून लाल भाग मोठा ठेवू नका.

उरलेल्या डिझाइनची चाचणी घ्या. टॅटू स्टिकरच्या कागदावर खऱ्या आकारात छापा आणि ठरलेल्या जागी आठ-दहा दिवस लावून वावरा. ऑफिसात जा, आजीसमोर जा, लग्नाला जा. त्यानंतर तीन महिने तो कागद बाजूला ठेवा. तीन महिन्यांनी तेच डिझाइन तेवढंच हवंसं वाटलं तर पुढची पायरी.

इशारा: चाचणीसाठी काळी मेंदी वापरू नका. तिच्यात बहुधा केसांच्या रंगातलं पीपीडी हे रसायन असतं. त्याने फोड येतात, व्रण राहतात, आणि एकदा ॲलर्जी झाली की आयुष्यभर केस रंगवणंही अवघड होतं.

## पायरी ६: अक्षरं असतील तर इथे सर्वांत जास्त वेळ द्या

मराठी मजकुराच्या टॅटूत होणाऱ्या चुका सुईवाल्याच्या हातून कमी आणि संगणकातून जास्त येतात. अनेक आर्टिस्ट उत्तम चित्रकार असतात, पण त्यांना मराठी वाचता येत नाही. स्टेन्सिलवर, म्हणजे त्वचेवर आधी उमटवलेल्या आराखड्यावर, जे येईल ते ते गिरवतात. शुद्धलेखन ही जबाबदारी पूर्णपणे तुमची आहे.

पहिलं काम, शुद्ध मजकूर. हाताने लिहा आणि मराठीच्या शिक्षकांना दाखवा. मजकूर मराठी आहे की संस्कृत ते ठरवा, कारण शेवटच्या अक्षराचा नियम बदलतो: मराठीत शक्ती, गुरू, संस्कृत श्लोकात शक्तिः, गुरुः. नेहमी चुकणारे शब्द पाहा: आशीर्वाद हवा, आर्शिवाद नको, मृत्युंजय हवा, मृत्यूंजय नको. "ॐ नमः शिवाय" मध्ये "नम"पुढे विसर्ग आहे. त्याऐवजी कीबोर्डवरचं अपूर्णविरामचिन्ह (कोलन) टाकलं की दोन ठिपके अक्षरापासून सुटे पडतात आणि त्यांचा आकारही बदलतो. हातावर ही चूक लांबूनही दिसते.

दुसरं काम, फाइल. मोबाइलवर नीट दिसणारा शब्द डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की मोडतो. पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, "शिव"ची वेलांटी "व"ला चिकटल्यासारखी दिसते. जोडाक्षर फुटून मध्ये हलन्त दिसतो, "स्वराज्य"चे तुकडे होतात. कधी मात्रेखाली ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. ॲडोबीच्या प्रोग्राममध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला की हे थांबतं. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली तर भलतीच अक्षरं दिसतात. सोपा उपाय असा: मुक्ता, बालू यांसारख्या युनिकोड फॉन्टमध्ये मजकूर टाइप करा, त्याची पीडीएफ करा, छापून वाचा, आणि स्टुडिओला ती पीडीएफच द्या. व्हॉट्सॲपवर शब्द टाइप करून "हा काढा" असं सांगू नका.

फॉन्ट निवडताना ल आणि श बघा. मराठी वळणाचा ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त असतो. अनेक फॉन्टमध्ये हिंदी वळण येतं. ळ नीट आहे का तेही बघा. "वाऱ्यावर", "किनाऱ्यावर" असे शब्द असतील तर अर्धा र आडव्या चंद्रकोरीसारखा यायला हवा, रफार होऊन डोक्यावर जायला नको.

तिसरं काम, आकार. देवनागरीत वर मात्रा, अनुस्वार आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षराचा दुसरा मजला. अक्षराचं मुख्य अंग ८ मिलिमीटरपेक्षा लहान नको, आणि शेजारच्या दोन रेषांमध्ये दीड मिलिमीटर तरी मोकळी जागा हवी. वर्षांनुवर्षं शाई थोडी पसरतेच, आणि सर्वांत आधी ध, भ, ष यांची पोटं भरतात.

याची सगळ्यांत कडक परीक्षा राजमुद्रेत होते. "प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते" ही ३२ अक्षरं आहेत, आणि त्यांत च्चं, र्धि, ष्णु, र्वि, स्यै असे भरगच्च आकार आहेत. मनगटावर चार सेंटिमीटरच्या अष्टकोनात ती बसवली की काही वर्षांनी एक काळा डाग उरतो. मुद्रा पूर्ण मजकुरासह हवी असेल तर दंडाची किंवा पाठीची रुंदी द्या. तेवढी जागा नसेल तर एकच शब्द घ्या. अर्धवट गिचमिड मुद्रेपेक्षा तो आदर राखतो.

मोडी लिपी: फॉन्ट बदलून मोडी करू नका. मोडीत सहसा ऱ्हस्व-दीर्घाचा भेद केला जात नाही, त्यामुळे संस्कृत ओळ मोडीत नेमकी उतरत नाही. मोडी जाणकाराकडून लिहून घ्या. नंतर मूळ मजकूर माहीत नसलेल्या दुसऱ्या जाणकाराला तो वाचायला द्या. तो अडखळला तर मजकूर बदला.

तपासा: आकडे असतील तर जन्मदाखला समोर ठेवून जुळवा. १ आणि ९ नाजूक फॉन्टमध्ये एकसारखे दिसतात.

## पायरी ७: स्टुडिओ आतून बघा

बुकिंगआधी एकदा रिकाम्या हाताने जाऊन या आणि विचारा:

- सुई किंवा कार्ट्रिज सीलबंद आहे का, वापरण्याची अंतिम तारीख उलटली नाही ना? पाकीट तुमच्यासमोर उघडायला हवं.
- पुन्हा वापरायची धातूची साधनं असतील तर ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) आहे का? १२१ अंश सेल्सिअसला, दाबाखाली किमान १५ मिनिटं. उकळत्या पाण्यात बुडवणं किंवा निळ्या दिव्याच्या कपाटात ठेवणं म्हणजे निर्जंतुकीकरण नाही.
- शाई बाटलीतून एकदाच वापरायच्या छोट्या टोपणात ओतली जाते का? उरलेली शाई परत बाटलीत जाताना दिसली तर उठा.
- शाई पातळ करायला निर्जंतुक पाणी आहे का? नळाच्या आणि बाटलीबंद पाण्यातल्या काही जीवाणूंमुळे आठवड्यांनंतर हट्टी गाठी येतात, ज्यांवर महिनोन् महिने औषध घ्यावं लागतं.
- वापरलेल्या सुया जाड, न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकतात का?

आर्टिस्टकडे ताज्या टॅटूचे फोटो मागू नका. वर्षभर जुन्या, बऱ्या झालेल्या, आणि तुमच्याइतक्या सावळ्या त्वचेवरच्या टॅटूचे फोटो मागा. शाईच्या बाटलीचा ब्रँड आणि बॅच क्रमांकाचा फोटो काढून ठेवा; पुढे ॲलर्जी आली तर डॉक्टरांना तो लागतो.

इशारा: जत्रेतला गोंदणवाला, समुद्रकिनाऱ्यावरचा फिरता आर्टिस्ट, मित्राच्या घरी ऑनलाइन मागवलेलं मशीन: तिन्ही नको. एकच सुई पुसून पुढच्या माणसाला लावली की हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका खरा असतो.

## पायरी ८: त्या दिवशी

आदल्या २४ तासांत दारू नको. पोटभर जेवून जा, पाण्याची बाटली आणि गूळ-शेंगदाणे जवळ ठेवा. उपवासाच्या दिवशी टॅटू काढणारे खुर्चीतच चक्कर येऊन पडतात. बधिर करणारं क्रीम मोठ्या भागावर जाड थापून तासन् तास प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. त्यातलं औषध रक्तात जातं आणि जास्त झालं तर आकडी (फिट) येऊ शकते. पाकिटावर दिलेलं प्रमाण आणि वेळ पाळा.

आता स्टेन्सिल. ते पुसता येतं, आणि सगळ्या प्रक्रियेत मागे फिरायची ही शेवटची संधी आहे. उभं राहून, हात नैसर्गिक सोडून ते लावून घ्या. टेबलावर पिळलेल्या हातावर लावलं तर उभं राहिल्यावर तिरकं दिसतं. दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या. आरशात अक्षरं उलटी दिसतात आणि सेल्फी कॅमेराही कधी प्रतिमा उलटवतो, म्हणून दुसऱ्याकडून मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढून घ्या. तो घरी मराठी वाचणाऱ्या कुणाला तरी पाठवा आणि मोठ्याने, एकेक मात्रा वाचायला सांगा.

काही चुकलं असेल तर पुसायला लावा. दोनदा, तीनदा. आर्टिस्ट वैतागला तरी चालेल. आधी दिलेला ॲडव्हान्स गेला तरी चालेल.

## पायरी ९: पहिले चार आठवडे

आर्टिस्टने पारदर्शक वैद्यकीय फिल्म लावली असेल तर तो सांगेल तितके दिवस, साधारण ३ ते ५, ठेवा. कडेने पाणी शिरलं किंवा आत भरपूर द्रव साचला तर लगेच काढा. साधं किचनचं प्लॅस्टिक असेल तर काही तासांतच काढा, आपल्या उकाड्यात त्याखाली जंतू वाढतात.

दिवसातून दोनदा, घाम आला तर तीनदा, बिनवासाच्या साबणाने बोटांनी हलकेच धुवा. टॉवेल नको; कागदी रुमालाने टिपा. दहा मिनिटं हवेत वाळू द्या आणि मलम इतकं पातळ लावा की त्वचा फक्त ओलसर दिसेल. आपल्याकडे मलम कमी पडून टॅटू बिघडत नाही, जास्त होऊन बिघडतो. हळद, खोबरेल तेल, टूथपेस्ट, घरात पडलेली प्रतिजैविक मलमं यांतलं काही नको.

चौथ्या दिवसापासून सालं निघतील आणि खाज सुटेल. नखाने काढलेल्या सालाबरोबर शाई निघते. फारच खाज आली तर स्वच्छ हाताने थोपटा. तरण तलाव, उपवन-मासुंदा तलावांचं पाणी, येऊरचे ओढे चार आठवडे बंद. बरा झाल्यावर उन्हात जाताना एसपीएफ ३० किंवा अधिकचं सनस्क्रीन.

लगेच डॉक्टरांकडे: तिसऱ्या दिवसानंतर लाली वाढत चालली, पू आला, ताप आला, लाल रेघ वर सरकू लागली, किंवा दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं. आर्टिस्टला फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. एकाच रंगाचा भाग काही महिन्यांनी फुगला आणि खाजू लागला तर ती बहुधा ॲलर्जी असते, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

## पायरी १०: टॅटू आधीच चुकला असेल तर

घाईने दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करू नका. सुजलेल्या त्वचेवर पुन्हा सुई चालवली तर व्रण पडतो. निदान दोन-तीन महिने थांबा. सुटलेला अनुस्वार किंवा मात्रा त्यानंतर सहज जोडता येते. जास्तीची वेलांटी मात्र काढता येत नाही.

झाकायचं असेल तर नवं डिझाइन जुन्याच्या दुप्पट-तिप्पट मोठं आणि त्याहून गडद लागतं. आधी लेझरच्या दोन-तीन बैठका घेऊन जुनी शाई फिकी केली तर निवड वाढते. पूर्ण काढायचं असेल तर सलूनमध्ये नको, त्वचारोगतज्ज्ञांकडेच. आपल्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित असतो आणि काळी शाई त्याने चांगली जाते. लाल शाईसाठी ५३२ नॅनोमीटर लागतो आणि त्याने सावळ्या त्वचेवर पांढुरके किंवा काळपट डाग पडण्याचा धोका जास्त. हिरवा, निळा, पिवळा हट्टी असतात. आधी कडेच्या छोट्या भागावर चाचणी घ्यायला सांगा, काही आठवड्यांनी निकाल बघा, मगच पूर्ण बैठकांचे पैसे भरा. मिठाने घासणं, ॲसिडची क्रीम, लिंबू-चुना हे उपाय शाईआधी त्वचा जाळतात आणि उरलेल्या व्रणावर पुढे लेझरही नीट चालत नाही.